गाडीचे इंजिन आणि मांडीवरचा संगणक

मोटारीचे इंजिन नीट चालते आहे की नाही, हे जुने मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून आणि मूठ कानाला लावून ओळखीत. कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव फेरा आवळावा, गाडी चालवून पाहावी, प्लग काढून त्याचा रंग न्याहाळावा आणि पुन्हा पाव फेरा सैल करावा, एवढ्यावर निदान आणि उपचार दोन्ही आटोपत. प्लग तपकिरी निघाला की काम फत्ते. काळा निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. ही विद्या खोटी नव्हती. परंतु तिचा उपयोग ज्या कार्ब्युरेटरवर होत असे, तोच मोटारींतून नाहीसा झाला. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवागन १६०० या गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत आणली, आणि १९७९ मध्ये तिच्याच ‘मोट्रॉनिक’ने पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाच्या हाती दिला. आपल्याकडे हा बदल सर्वसामान्यांच्या दारात पोहोचला तो २००० सालच्या आसपास, मारुती ८०० मध्ये इंजेक्शनचे इंजिन आले तेव्हा.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत हा संगणक आपले काम मुकाट्याने करतो. मालकाला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. अडचण येते ती गाडीत फेरफार केल्यावर. मोठे इंजेक्टर बसविले, कॅमशाफ्ट बदलला किंवा टर्बोचार्जर जोडला, की इंजिन घेत असलेली हवा किंवा त्याला मिळणारे पेट्रोल बदलते. संगणकाच्या स्मरणात मात्र जुन्याच इंजिनाची कोष्टके असतात. ही कोष्टके वाचण्याचे आणि बदलण्याचे साधन म्हणजे ट्यूनिंग सॉफ्टवेअर. आपल्या घरांतील अनेक मुला-मुलींना सध्या याचा नाद लागलेला दिसतो. डॅशबोर्डाखालून बाहेर आलेली वायर आणि तिच्या टोकाला जोडलेला लॅपटॉप पाहून आईवडिलांच्या जिवाची घालमेल होते. त्यांची काळजी अनाठायी नाही. तथापि हा नाद टाकाऊही नाही. पदार्थविज्ञान आणि गणित यांची इतकी रोखठोक परीक्षा दुसरीकडे क्वचितच द्यावी लागते.

या कामाचे दोन मार्ग आहेत. पहिला, गाडीच्या मूळ संगणकातील माहिती बदलून पुन्हा भरणे. आपल्याकडील दुकानांत ज्याला ‘रीमॅप’ म्हणतात तो हाच. दुसरा, मूळ संगणक बाजूला ठेवून त्याच्या जागी स्वतंत्र संगणक बसविणे. शिकावयाचे असेल तर दुसरा मार्ग अधिक उघडा व प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण त्यात काहीही झाकलेले नसते. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघा अमेरिकनांनी २००१ च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा असा संगणक हौशी लोकांसाठी सिद्ध केला. सुटे भाग घ्यावे, स्वतः झाळून जोडावे, आणि आतला कार्यक्रमही वाचून पाहावा, अशी ती योजना होती. पुढे ऑस्ट्रेलियात जॉश स्टुअर्ट यांनी ‘स्पीडुइनो’ सुरू केला. तो तर विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आर्डुइनो मेगा या पट्टीवरच चालतो. या दोन्ही संगणकांशी संवाद साधावयाचा तो ‘ट्यूनरस्टुडिओ’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून. परदेशांत माझ्दा एम.एक्स.-५ ही १९८९ साली आलेली, १६०० घनसेंटिमीटर इंजिनाची छोटी दोन आसनी गाडी घेऊन हजारो हौशी लोकांनी या विद्येची मुळाक्षरे गिरविली. म्हणून उदाहरणासाठी आपणही १६०० चे चार सिलिंडरांचे इंजिनच घेऊ.

सॉफ्टवेअर उघडले की समोर येते एक मोठे कोष्टक. आडव्या अक्षावर इंजिनाचे फेरे, उभ्या अक्षावर मॅनिफोल्डमधील हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरे, आणि प्रत्येक घरात एक आकडा. हा आकडा सांगतो की त्या फेऱ्यांना आणि त्या दाबाला सिलिंडर हवेने किती टक्के भरतो. या भरण्याला ‘व्हॉल्युमेट्रिक एफिशिअन्सी’ असे भारदस्त नाव आहे, सर्वजण ‘व्ही.ई.’ म्हणतात. त्यावरून संगणक हिशेब करतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा.

हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून पाहावा. चार सिलिंडरांत मिळून १६०० घ.सें., म्हणजे एका सिलिंडरात ४०० घ.सें. हवा. हवेची घनता लिटरला सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून हवा झाली ०.४८ ग्रॅम. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, तेव्हा पेट्रोल हवे सुमारे ०.०३३ ग्रॅम, म्हणजे ०.०४४ घ.सें. इंजेक्टर मिनिटाला २४० घ.सें. सोडणारा असेल तर सेकंदाला ४ घ.सें. झाले, आणि ०.०४४ घ.सें. सोडण्यास त्याला लागतील ११ मिलिसेकंद. आता इंजिन ६००० फेऱ्यांनी फिरत असता एका पूर्ण चक्राला, म्हणजे दोन फेऱ्यांना, वेळ मिळतो २० मिलिसेकंद. ११ त्यात सहज बसतात. पण टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला तर लागतील २२ मिलिसेकंद, आणि घड्याळात आहेत वीसच! कोष्टकात कोणताही आकडा भरा, इंजेक्टर सतत उघडा राहूनही पेट्रोल अपुरेच पडणार. सॉफ्टवेअरने काय होत नाही, हे इतक्या थोड्या गणिताने कळते. व्यवहारात तर इंजेक्टर मिळणाऱ्या वेळाच्या ८० ते ८५ टक्क्यांपलीकडे उघडा ठेवीत नाहीत. टर्बो घेण्यापूर्वी पैसे कोठे खर्च करावयाचे, याचे उत्तरही याच हिशेबात आहे.

पेट्रोल अपुरे पडले, गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘लीन’ चालले, तर नुसती ताकद कमी होते असे नाही. जोर लावलेल्या इंजिनात थोडे अधिक पेट्रोल, म्हणजे ‘रिच’ मिश्रण, मुद्दाम देतात. साध्या इंजिनाला १२.५ ते १३, टर्बोच्या इंजिनाला ११.५ ते १२ या प्रमाणाच्या आसपास. त्याने ज्वलनाची उष्णता आवरली जाते. ते न मिळाल्यास सिलिंडरात वेळेआधीच पेट्रोलचा भडका उडतो, पिस्टनची कडा तुटते किंवा त्याचा माथा वितळतो. वडोदऱ्यातील एका गॅरेजात कपाटावर ठेवलेला असा पिस्टन मी पाहिला आहे. रुपयाच्या नाण्याएवढे भोक, आणि कडा मेण ओघळावे तशा ओघळलेल्या. गॅरेजवाल्याने तो नव्या गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठी ठेवला होता.

म्हणून सॉफ्टवेअर हाती आल्यावर पहिल्या दिवशी कोष्टकाला हात लावावयाचा नाही. पहिले काम आहे ते संगणकाला खरे दिसते आहे की नाही, हे तपासण्याचे. नवशिके लोक नेमके हेच ओलांडून पुढे जातात, आणि मग आठवडेच्या आठवडे चुकीच्या जागी आकडे बदलीत बसतात.

लॅपटॉप जोडावा, नवा प्रकल्प उघडावा, संगणकातील फर्मवेअर आणि सॉफ्टवेअरने धरलेले फर्मवेअर एकच आहे याची खात्री करावी, आणि आहे ती सर्व मांडणी आधी फाइल म्हणून जतन करून ठेवावी. मग इंजिन न चालविता फक्त किल्ली फिरवावी आणि पडद्यावरचे आकडे वाचावेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे तापमान आणि हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसावयास हवे. एक २६ आणि दुसरे ६१ दाखवीत असेल, तर सेन्सरची निवड चुकली आहे. मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेइतका दिसला पाहिजे. आणि येथे आपापल्या गावचा विचार करावा लागतो. गोव्यात समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या जवळ असेल, वडोदऱ्यात त्याहून किंचित कमी, इंदूर आणि हैदराबाद येथे सुमारे ९५, तर बेळगावात आणखी दोनेक अंकांनी खाली. इंदुरात १०१ दिसले तर आनंद मानू नये. ॲक्सिलरेटर सोडलेला असता थ्रॉटल शून्य आणि पूर्ण दाबल्यावर शंभर दाखवितो ना, हेही येथेच बसवून घ्यावे.

दुसरी तपासणी ठिणगीची. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग तात्पुरते एकाच आकड्यावर, सहसा १० अंशांवर, कायम करता येते. इंजिन सुरू करून टायमिंग लाइटचा झोत पुलीवरील खुणेवर टाकावा. खूणही १० अंशांवरच स्थिर दिसली पाहिजे. संगणक १० समजतो आणि खूण २० दाखविते, असे असेल तर ठिणगीच्या कोष्टकातील एकूण एक घर दहा अंशांनी खोटे आहे, आणि जोर लावताच इंजिन त्याची किंमत वसूल करील. हे काम दहा मिनिटांचे आहे. टायमिंग लाइट शेजारच्या गॅरेजातून उसना मिळतो.

माझा भाचा हे सर्व ऐकून घेतो आणि म्हणतो, “मामा, एवढं कशाला? त्याच इंजिनाचं, त्याच टर्बोचं कोष्टक तयार मिळतं. उतरवून घ्यायचं आणि भरायचं.”

“इंजेक्टर तेच आहेत का? आणि पेट्रोल?” मी विचारले.

त्यावर त्याने मामीकडे चहा मागितला.

पेट्रोलचा प्रश्न मी उगाच काढलेला नव्हता. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर आले. इथेनॉलला पूर्ण जळण्यास वजनाच्या फक्त ९ पट हवा लागते. त्यामुळे या मिश्रणाचा आकडा उतरतो १३.५ च्या आसपास. याचा अर्थ, तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. परदेशातील कोणी शुद्ध पेट्रोलवर बसविलेले कोष्टक जसेच्या तसे आणून आपल्या गाडीत भरले, तर गाडी पहिल्या दिवसापासून तितकी लीन चालणार. आरंभीच्या हिशेबात इंधनाचा खरा आकडा घालणे हाच यावर उपाय.

आता साक्षीदाराकडे वळू. मिश्रण कसे जळते आहे हे सांगतो तो सायलेन्सरच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर. कारखान्यातून येतो तो साधा सेन्सर फक्त ‘कमी’ किंवा ‘जास्त’ एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. या कामाला ‘वाइडबँड’ प्रकारचाच सेन्सर हवा, बॉशचा एल.एस.यू. ४.९ त्यांत सर्वपरिचित. हा खर्च टाळून ट्यूनिंग शिकू पाहणे म्हणजे तराजूवाचून किराणा दुकान थाटणे होय. तो बसला, आणि त्याचा गेज व सॉफ्टवेअर एकच आकडा दाखवू लागले, की मग खऱ्या अर्थाने कोष्टकाकडे जावयाचे.

पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण तापू द्यावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने, ॲक्सिलरेटर न हलविता गाडी चालवावी आणि सॉफ्टवेअरला नोंद करू द्यावी. या नोंदीला ‘लॉग’ म्हणतात. घरी येऊन ती उलगडून पाहावी. समजा, एका घरात ७० आकडा आहे, आपल्याला हवे होते १३, आणि सेन्सरने दाखविले १४.३. मोजलेल्याला हव्या असलेल्याने भागावे, येथे १.१ आले. ७० ला त्याने गुणावे. नवा आकडा ७७. झाले. शेजारची घरेही त्याच प्रमाणात हळूहळू चढती-उतरती ठेवावीत. कोष्टकाच्या त्रिमिती चित्रात मध्येच सुळका किंवा खड्डा दिसला तर तो बहुधा इंजिनाचा नव्हे, आपला असतो. बदल करताच तो इंजिनाला लागू होतो खरा, पण ‘बर्न’ ही कळ दाबली नाही तर किल्ली बंद होताच पुसला जातो. सॉफ्टवेअरची नोंदणीकृत, पैसे भरून घेतलेली आवृत्ती हे गुणाकार गाडी चालत असतानाच आपोआप करते. ती सोय उत्तम आहे. परंतु पहिली पन्नास घरे हाताने करावीत, असे मी सुचवीन.

याचे कारण असे की साक्षीदारही खोटे बोलतो, आणि आपोआप चालणाऱ्या यंत्राला ते उमगत नाही. सेन्सरच्या अलीकडे नळीला बारीक फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर ‘लीन’ म्हणतो. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर न जळलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. तेव्हाही सेन्सर ‘लीन’च म्हणणार, मग आत पेट्रोलचा पूर का आलेला असेना. अशा वेळी आणखी पेट्रोल घालणे म्हणजे अजीर्णावर जेवण वाढणे. म्हणून लॉग वाचताना एकट्या त्या रेषेकडे पाहू नये. फेरे स्थिर होते का? बॅटरीचा दाब पडला होता का? पाण्याचे तापमान ८० च्या वर होते का? ॲक्सिलरेटर त्याच क्षणी हलला होता का? जळालेला वायू सेन्सरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो; त्यामुळे हललेल्या क्षणाचा आकडा कोणत्या घराचा हे सांगता येत नाही. असे क्षण सरळ गाळावेत.

पेट्रोलचे कोष्टक चुकले तर इंजिन बहुधा कुरकुर करून सूचना देते. ठिणगीचे कोष्टक तशी दयामाया दाखवीत नाही. मिश्रण पेटण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी द्यावी लागते. ८०० फेऱ्यांना एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट पाच अंशही फिरत नाही. ३००० फेऱ्यांना अठरा अंश फिरतो. वेग वाढेल तशी ठिणगी आगाऊ द्यावयाची ती याचसाठी. पण सिलिंडरात दाब जास्त असेल तर मिश्रण लवकर पेटते, आणि तेव्हा तीच ठिणगी मागे घ्यावी लागते. टर्बोच्या इंजिनात दोन-तीन अंशांचा लोभ पिस्टनच्या जिवावर बेततो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा नॉकिंगचा आवाज येतो, पण फेरफार केलेल्या गाडीच्या गोंगाटात तो कानी पडेलच असे नाही. अनुभवी लोक इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची नळी बांधून तिचे दुसरे टोक रबरी नळीने कानावरच्या झाकणांत आणतात. म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचीच ही सुधारलेली आवृत्ती! नवशिक्याने जोर लावलेल्या घरांतील टायमिंग रस्त्यावर बसवू नये. मोठ्या शहरांत डायनो, म्हणजे गाडी रुळांवर उभी करून ताकद मोजणारे यंत्र, असलेली ट्यूनिंगची दुकाने आहेत. तेथे तासाचे पैसे मोजावेत आणि शेजारी उभे राहून शिकावे.

रस्त्याचा विषय निघाला आहे तर आणखी दोन गोष्टी. चालविणाऱ्याने पडद्याकडे पाहावयाचे नाही. लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर असेल तरच किल्ली फिरवावी. आईवडिलांनी मुलांना एकच अट घालावयाची असेल तर ही घालावी. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. विमा कंपनी अपघातानंतर काय म्हणेल ते वेगळेच. टर्बो आणि स्वतंत्र संगणक बसविलेली गाडी ही शर्यतीच्या मैदानासाठीच धरावी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे अशी मैदाने आहेत. आपल्या बहुतेक गावांपासून ती दूर आहेत, हे खरे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी जुने इंजिन भंगारातून आणून लोखंडी चौकटीवर बसवावे आणि त्यावर शिकावे. त्याला नोंदणीपुस्तक नसते, आणि ते कोणाच्या अंगावरही जात नाही.

राहता राहिले गार इंजिन सुरू करणे. हे सर्वांत शेवटी करावयाचे आणि सर्वांत चिवट. तापलेले इंजिन सुरळीत चालू लागल्यावरच गार इंजिनाला किती जादा पेट्रोल द्यावयाचे ते ठरविता येते, आणि तो प्रयोग दिवसातून एकदाच होतो. कारण एकदा सुरू झालेले इंजिन पुन्हा पूर्ण निवण्यास रात्र जावी लागते. सकाळी उठावे, किल्ली फिरवावी, काय झाले ते वहीत लिहावे, एक आकडा बदलावा आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी. ग्वाल्हेरच्या वाचकांना जानेवारीत पहाटे पाच-सहा अंशांची थंडी फुकट मिळते. त्यांचे हे कोष्टक दोन हिवाळ्यांत भरून होईल. गोव्याच्या वाचकांची ती खालची घरे कायम अंदाजावरच राहावयाची.